दोनदा पाहिलं, तरी आठवत का नाही? मानसशास्त्राच्या ऑनलाइन शिकवण्यामागचं मानसशास्त्र

परीक्षेनंतर एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. चेहरा पार उतरलेला. "मॅडम, अध्ययनाच्या घटकाचे सगळे व्हिडिओ मी दोन-दोनदा बघितले होते. नोट्सही वाचल्या होत्या. पण पेपर हातात आला आणि काही आठवेचना." मी तिला मोबाइल पालथा ठेवायला सांगितलं आणि विचारलं, "नकारात्मक प्रबलन आणि शिक्षा यांत फरक काय?" ती लगेच म्हणाली, "हे येतं मला." मग थांबली. जरा वेळाने म्हणाली, "ती स्लाइड दिसतेय मला डोळ्यांसमोर. निळी होती. डावीकडे उंदराचं चित्र होतं."

स्लाइड खरोखरच निळी होती आणि उंदीरही डावीकडेच होता. फरक मात्र तिला सांगता आला नाही.

ही मुलगी आळशी नव्हती. तिने अभ्यासात घातलेले तास खरे होते. आम्ही तिला पाहायला भरपूर दिलं होतं आणि करायला जवळपास काहीच दिलं नव्हतं. चूक आमच्या बाजूची होती. मी विद्यापीठात मानसशास्त्र शिकवते. स्मृती, अवधान, प्रेरणा हे आमचे रोजचे विषय. वर्गात ते आम्ही जीव तोडून शिकवतो, आणि स्वतःच्या विषयाचं ऑनलाइन पान तयार करायला बसलो की तेच विसरतो. विद्यापीठातलं ऑनलाइन साहित्य म्हणजे नेमकं काय, ते कधी उपयोगी पडतं, कधी वाया जातं आणि शिक्षकाचं त्यात काम काय, हे मला इथे सांगायचं आहे.

आधी त्या प्रश्नाचं उत्तर देते. गाडीत बसल्यावर पट्टा लावेपर्यंत एक टीं-टीं आवाज येत राहतो. पट्टा लावला की तो थांबतो. नकोसा आवाज थांबतो म्हणून पट्टा लावण्याचं वर्तन वाढतं. हे नकारात्मक प्रबलन. शिक्षेमुळे वर्तन कमी होतं. 'नकारात्मक' म्हणजे इथे वाईट नव्हे, काहीतरी काढून घेतलं जाणं एवढंच. पण त्या एका शब्दापायी दर तुकडीत निम्मा वर्ग गोंधळतो.

ओळखीचं वाटणं आणि आठवणं

एखादी गोष्ट समोर आल्यावर "हो, हे पाहिलंय" असं वाटणं आणि समोर काही नसताना ती गोष्ट मनातून बाहेर काढता येणं, ही दोन वेगळी कामं आहेत. व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहताना पहिलं काम फार सहज होतं. पुढचं वाक्य काय येणार हे कळत असतं, म्हणून वाटतं की आपल्याला येतंय. परीक्षेत मागितलं जातं ते दुसरं काम, आणि त्याचा सराव झालेलाच नसतो.

विसरण्याचा वेग पहिल्यांदा नीट मोजला तो हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत प्रयोग करणारा आणि ज्याच्यावर प्रयोग होतोय तो, दोन्ही तेच होते. अर्थ नसलेल्या सुमारे २,३०० अक्षरजुळण्या त्यांनी बनवल्या, त्यांच्या याद्या पाठ केल्या, आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजलं. वाचलेला वेळ म्हणजे मनात शिल्लक राहिलेली स्मृती, असं त्यांचं माप. वीस मिनिटांनी ही बचत सुमारे ५८ टक्के होती, एका दिवसाने ३४ टक्क्यांच्या आसपास आणि महिन्याने २१. सुरुवातीला धाडकन घसरण, मग हळूहळू. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हाच प्रयोग जवळजवळ त्याच पद्धतीने केला, तेव्हा विसरण्याची वक्ररेषा साधारण तशीच आली. आमच्या विषयात शंभरहून अधिक वर्षं टिकलेले निष्कर्ष फार नाहीत. हा त्यांतला एक.

आता माझ्या विद्यार्थिनीच्या गोष्टीला थेट लागू पडणारा प्रयोग. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहिलं. चुकलं-बरोबर आलं हे त्यांना कुणी सांगितलंही नाही. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा पारडं फिरलं. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि एकदा वाचून लिहिणाऱ्यांना ५६. त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या गटालाच आपल्याला जास्त आठवेल अशी जास्त खात्री होती.

हा शेवटचा भाग मी प्रत्येक तुकडीला सांगते, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथे होते. जी पद्धत सोपी जाते, ती आपल्याला चांगली वाटते. जी अडखळायला लावते ती नकोशी वाटते, पण पुष्कळदा तीच उपयोगी पडते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्योर्क यांनी अशा उपयोगी अडथळ्यांसाठी 'इष्ट अडचणी' या अर्थाचा शब्द रूढ केला. आठवताना डोक्याला जो ताण पडतो, तोच स्मृती पक्की करतो. गुळगुळीत, सुंदर, एका क्लिकवर उलगडणारं ऑनलाइन साहित्य हा ताण काढून टाकतं, आणि तो काढून टाकल्याबद्दल विद्यार्थी आम्हाला अभिप्रायात चांगले गुणही देतात.

यंत्राने शिकवण्याची कल्पना घरचीच

ऑनलाइन शिक्षण हे संगणकवाल्यांनी आमच्यावर आणून टाकलं, असं बरेच सहकारी मानतात. ते पूर्ण खरं नाही. १९२० च्या दशकात सिडनी प्रेसी या मानसशास्त्रज्ञाने पर्याय निवडून उत्तर देण्याचं एक यंत्र बनवलं होतं. १९५३ साली वर्तनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात पालक म्हणून जाऊन बसले. कुणाचं गणित झालेलं, ते मूल रिकामं. कुणाला पहिलीच पायरी जमेना. आणि आपलं बरोबर आलं की चूक हे कुणालाच तिथल्या तिथे कळत नव्हतं. हे पाहून त्यांनी शिकवण्याची यंत्रं बनवायला घेतली. प्रत्येकाने आपल्या गतीने जायचं, एकेक छोटं पाऊल टाकायचं आणि उत्तर लगेच ताडून पाहायचं. स्किनर यांना पर्याय निवडणं पसंत नव्हतं. उत्तर विद्यार्थ्याने स्वतः लिहिलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आजच्या कित्येक ऑनलाइन क्विझ या बाबतीत त्यांच्या यंत्राच्या मागेच आहेत.

मला त्याहून जवळचे वाटतात फ्रेड केलर. स्किनर यांचे मित्र, आणि शिकवण्यात मुरलेले. १९६० च्या दशकात ब्राझीलमध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मानसशास्त्राचा एक अभ्यासक्रम वेगळ्याच पद्धतीने आखला. विषयाचे छोटे घटक पाडले. एका घटकावर पकड आल्याशिवाय पुढचा घटक नाही. चाचणी हवी तितक्या वेळा द्यावी, नापास होण्याची शिक्षा नाही. व्याख्यानं मोजकी, आणि तीही उत्सुकता वाढवण्यासाठी. पण प्रत्येक चाचणीनंतर विद्यार्थी कुणासमोर तरी बसत असे. तो विषय आधी पूर्ण केलेला एखादा विद्यार्थी शेजारी बसून उत्तरं तपासे आणि "तू असं का लिहिलंस?" हे विचारे. इतक्या काटेकोर, स्वतःच्या गतीच्या पद्धतीतही केलर यांनी ती खुर्ची काढली नाही. आपण ऑनलाइन गेल्यावर पहिली काढली ती तीच.

व्हिडिओ: लांबी, विराम आणि वाचून दाखवलेल्या स्लाइड

विद्यापीठाच्या विषयाच्या पानावर साधारण काय असतं? मूडलसारखी ऑनलाइन शिकवण्याची एखादी प्रणाली, तिच्यात आठवड्यावार घटक, प्रत्येक घटकात लेक्चरचं रेकॉर्डिंग, पीपीटी, वाचनाच्या पीडीएफ, एखादी क्विझ, चर्चेची जागा आणि असाइनमेंट जमा करायची खिडकी. यांपैकी सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा जातो तो व्हिडिओवर.

२०१४ साली फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरची ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, साधारण प्रेक्षक फार तर सहा मिनिटं टिकत होता. वर्गात घेतलेलं तासाभराचं लेक्चर नंतर तुकडे करून टाकलं तर तेही फारसं पाहिलं जात नव्हतं. पडद्यासाठी म्हणून वेगळं बोललेलं जास्त पाहिलं जात होतं. यावरून 'सहा मिनिटांचा नियम' निघाला आणि तो मला तितकासा पटत नाही. किती वेळ पाहिलं हे कळलं, पण काय समजलं हे त्या आकड्यांत नाही. काही गोष्टींना वीस मिनिटं लागतातच. प्रसरण विश्लेषणाचं (अनेक गटांच्या सरासऱ्यांची तुलना करण्याच्या पद्धतीचं) गणित सहा मिनिटांत कोंबलं तर ते कुणाच्याच हाती लागत नाही.

त्याऐवजी मला कार्ल श्पुनार, नोव्हल खान आणि डॅनियल शॅक्टर यांचा २०१३ चा प्रयोग जास्त मार्गदर्शक वाटतो. संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं ऑनलाइन लेक्चर त्यांनी चार भागांत दाखवलं. एका गटाला प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिली. दुसऱ्या गटांना ती चाचणी फक्त शेवटच्या भागानंतर. मध्ये मध्ये विचारलं की आत्ता तुमचं मन लेक्चरमध्ये आहे की दुसरीकडे. चाचणी देणाऱ्यांचं मन भरकटण्याचं प्रमाण इतरांच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आलं. त्यांनी नोट्सही जास्त काढल्या. लेक्चर तेवढंच, शिक्षक तोच. थांबून विचारलं, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट स्लाइडची. रिचर्ड मेयर यांनी चित्र, आवाज आणि मजकूर एकत्र आले की काय होतं यावर आयुष्यभर काम केलं. त्यांचा एक निष्कर्ष मला रोज लागतो: चित्र समोर असताना शिक्षक जे बोलतोय तेच शब्द पडद्यावरही लिहिले, तर शिकणं सहसा कमी होतं. डोळे वाचायला जातात, कान ऐकायला, आणि दोघांच्या गती जुळत नाहीत. चित्राकडे बघायला कुणीच उरत नाही. म्हणजे चेतापेशीची आकृती दाखवायची असेल तर नावं त्या-त्या भागापाशी लिहावीत आणि बाकीचं तोंडाने सांगावं. स्लाइडवर आठ ओळी टाकून त्या वाचून दाखवणं, हे आपण सगळ्यांनी केलेलं आहे आणि ते थांबवायला हवं.

पण इथे एक गोष्ट निक्षून सांगते. यावरून "सबटायटल नकोत" असा अर्थ कुणी काढू नये. ज्याला ऐकू येत नाही, ज्याला ती भाषा नवीन आहे, जो गोंगाटात बसून पाहतोय, त्याच्यासाठी सबटायटल म्हणजे दार आहे. ते चालू-बंद करता यावं, इतकंच. तसंच पुस्तकाचं पान स्कॅन करून टाकलेली पीडीएफ ही संगणकाच्या लेखी नुसतं चित्र असते. दृष्टिहीन विद्यार्थ्याचं वाचक सॉफ्टवेअर त्यातले शब्द सहसा नीट वाचू शकत नाही. मजकूर निवडता येतोय का, हे अपलोड करण्याआधी माउस फिरवून पाहायला दहा सेकंद लागतात.

आणि 'दृश्य शिकणारे', 'श्राव्य शिकणारे' अशा गटांसाठी वेगवेगळं साहित्य बनवा, हा सल्ला मानसशास्त्राच्या विभागाने तरी मानू नये. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या कल्पनेमागचा पुरावा तपासला. ज्याची जी शैली त्याला त्या शैलीने शिकवलं तर तो जास्त शिकतो, हे दाखवणारा भक्कम आधार त्यांना मिळाला नाही. चित्र द्यायचं की शब्द, हे विषयावरून ठरवावं. मेंदूची रचना सगळ्यांनाच चित्रातून कळते.

प्रश्न लिहिणं हेच खरं काम

त्या विद्यार्थिनीनंतर आम्ही अध्ययनाच्या घटकाची क्विझ उघडून बसलो. पहिला प्रश्न होता: 'नकारात्मक प्रबलन म्हणजे काय?' खाली चार पर्याय, त्यांतला एक स्लाइडवरून शब्दशः उचललेला. स्लाइड पाहिलेला कुणीही तो ओळखणार. म्हणजे आमची क्विझसुद्धा ओळखच तपासत होती.

आम्ही तो काढला आणि त्या जागी हा घातला: 'एक मुलगा दुकानात खाऊसाठी रडून गोंधळ घालतो. आई वैतागून खाऊ देते आणि रडणं थांबतं. पुढच्या वेळी आई आणखी लवकर खाऊ देते. इथे कुणाचं कोणतं वर्तन वाढलं आणि का?' खाली रिकामी चौकट. हा प्रश्न मुलांना आवडतो, कारण त्यात दोन उत्तरं दडलेली आहेत. मुलाचं रडणं वाढतं, कारण त्याला खाऊ मिळतो. ते सकारात्मक प्रबलन. आईचं खाऊ देणं वाढतं, कारण रडणं थांबतं, ते नकारात्मक. दोघं एकमेकांना शिकवत असतात. ज्याने हे एकदा स्वतः उलगडून लिहिलं, त्याला व्याख्या पाठ करावी लागत नाही.

ती मुलगी दहा-बारा दिवसांनी परत आली. या वेळी हातात एक वही होती, आणि रोज व्हिडिओनंतर तो बंद करून तिने एकेक पान लिहिलं होतं. खाडाखोड खूप. एका पानाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: 'अलार्मचं स्नूझ?' मी विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, स्नूझ दाबलं की आवाज थांबतो, म्हणून मी ते परत परत दाबते. हे नकारात्मक प्रबलनच ना?" होय, तेच. तिला विचारून मी ते उदाहरण प्रश्नसंचात घातलं.

प्रश्नांचा दुसरा उपयोग अभ्यासात दिवसांचं अंतर राखण्यासाठी. एका घटकाचे सगळे प्रश्न त्याच आठवड्यात संपवले तर विसरण्याची वक्ररेषा आपलं काम चोख करते. म्हणून पाचव्या आठवड्याच्या क्विझमध्ये आम्ही दोन प्रश्न दुसऱ्या आठवड्याचे ठेवतो. विद्यार्थी सुरुवातीला कुरकुर करतात. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, तेव्हा सर्वात उपयोगी ठरल्या त्या दोनच: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास काळात विभागून करणं. पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं या, सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या पद्धती, खालच्या गटात गेल्या.

प्रॅक्टिकल ब्राउझरमध्ये

मानसशास्त्राला प्रयोगशाळा लागते. ती ऑनलाइन कशी न्यायची, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. बरंचसं नेता येतं, आणि काही बाबतीत फायद्याचंही होतं.

जॉन रिडली स्ट्रूप यांचा १९३५ चा प्रयोग घ्या. 'लाल' हा शब्द निळ्या रंगात लिहिलेला. शब्द वाचायचा नाही, रंगाचं नाव सांगायचं. वाचण्याची सवय इतकी पक्की असते की जीभ अडखळते. सायकोपाय, जेएससायक, सायटूलकिट यांसारख्या मोफत साधनांनी हा प्रयोग ब्राउझरमध्ये तयार होतो आणि विद्यार्थी घरून करतात. प्रत्येकाच्या कीबोर्डमुळे आणि स्क्रीनमुळे वेळेच्या मोजमापात थोडा उशीर मिसळतो, ही शंका बरोबर आहे. पण एकाच माणसाच्या एकाच यंत्रावरच्या दोन स्थितींची (शब्द आणि रंग जुळणारे, आणि न जुळणारे) तुलना करायची असेल, तर तो उशीर दोन्हीकडे सारखाच येतो आणि वजाबाकीत निघून जातो. हे विद्यार्थ्याला स्वतः शोधू दिलं, तर संशोधन पद्धतीचा अख्खा एक तास त्यात होतो.

भाषेची काळजी मात्र घ्यावी लागते. तयार प्रयोग बहुतेकदा इंग्रजी शब्दांचे असतात. हा अडखळा वाचनाच्या सवयीतून येतो. जी भाषा लहानपणापासून वाचली तिच्यात तो जास्त ठळक दिसतो. म्हणून शब्द विद्यार्थ्यांच्या सवयीच्या भाषेत घालून प्रयोग नव्याने बांधावा. एका दुपारचं काम आहे. हीच दक्षता खुल्या साहित्याबद्दलही. येल विद्यापीठाची पॉल ब्लूम यांची प्राथमिक मानसशास्त्राची व्याख्यानं, एमआयटीचं खुलं साहित्य, ओपनस्टॅक्सचं मोफत पाठ्यपुस्तक, हे सगळं उत्तम आहे आणि जरूर वापरावं. पण जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की आमच्या विषयातले बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य, शिकलेल्या, सधन समाजातल्या माणसांवर झालेले आहेत, आणि ती माणसं जगाचे प्रतिनिधी म्हणून चालत नाहीत. पुस्तक मोफत मिळालं तरी "हे आपल्याकडे असंच असेल का?" हा प्रश्न वर्गाला शिक्षकालाच विचारावा लागतो.

संख्याशास्त्रासाठी जास्प, जामोवी आणि आर ही मोफत सॉफ्टवेअर आता पुरेशी आहेत. त्याहून मोठी देणगी म्हणजे खुला डेटा. २०१५ मध्ये अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा केले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा येणार नाही असा होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच आला. हा डेटा कुणालाही उतरवून घेता येतो. आपल्या विषयाच्या चुका विद्यार्थ्याच्या हातात मूळ आकड्यांसकट देता येतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पानामागची माणसं

विद्यार्थ्याला पान एकच दिसतं, पण त्यामागे बरेच हात असतात. विषय शिकवणारे प्राध्यापक, छोट्या गटांचे ट्यूटर, प्रयोग चालते ठेवणारा प्रयोगशाळा सहायक, प्रणाली सांभाळणारा तांत्रिक कर्मचारी आणि ग्रंथपाल. शोधनिबंध कुठे शोधायचा, सायकइन्फो ही मानसशास्त्रातल्या शोधनिबंधांची ऑनलाइन सूची कशी वापरायची, हे ग्रंथपाल आमच्यापेक्षा चांगलं शिकवतात; त्यांना पहिल्याच आठवड्यात वर्गात बोलवावं.

एक गैरसमज प्रशासनात घट्ट बसलेला आहे: एकदा रेकॉर्ड केलं की पुढच्या वर्षी शिक्षकाचा तेवढा वेळ वाचला. वाचत नाही. तो तपासण्यात, उत्तरं देण्यात, अडलेल्याला शोधण्यात जायला हवा. रँडी गॅरिसन, टेरी अँडरसन आणि वॉल्टर आर्चर यांनी २००० साली मांडलं की ऑनलाइन शिकण्याला तीन प्रकारची उपस्थिती लागते: विचाराची, माणसांची आणि शिकवण्याची. फक्त साहित्य ठेवलं तर काय होतं, याचा अंदाज हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमांवरून येतो. २०१७-१८ मध्ये तिथे नाव नोंदवणाऱ्या सर्वांपैकी ३.१३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यांत नुसतं डोकावून जाणारे पुष्कळ असतात, हे मान्य. तरी शिक्षक नावाने ओळखत नाही, कुणी वाट बघत नाही, तिथे निघून जाणं फार सोपं असतं.

प्रणाली दाखवते ते आकडेही जपून वाचावेत. 'व्हिडिओ ९८ टक्के पाहिला' याचा अर्थ तो ९८ टक्के वाजला, एवढाच. चर्चेच्या जागेत 'तुमचं मत लिहा' म्हटलं की 'छान लेक्चर' अशा चाळीस ओळी येतात. 'आजच्या व्हिडिओतलं कोणतं वाक्य तुम्हाला पटलं नाही?' असं विचारलं की सहाच उत्तरं येतात, पण त्यांतली चार वाचण्यासारखी असतात.

जे अपलोड करू नये

आमच्या विषयात काही गोष्टी पानावर ठेवायच्या नसतात. मानसशास्त्रीय चाचण्यांचं मूळ साहित्य हे त्यांतलं पहिलं. २००९ मध्ये रोर्शाक चाचणीची (शाईच्या डागांत काय दिसतं हे विचारणाऱ्या चाचणीची) दहाही शाईची चित्रं विकिपीडियावर आली, तेव्हा मोठा वाद झाला. १९२१ ची ती चित्रं कॉपीराइटच्या बंधनातून मोकळी झालेली होती. कायद्याची अडचण नव्हती. पण चाचणी आधी पाहून, सामान्य उत्तरं वाचून आलेल्या माणसाची चाचणी घेण्यात अर्थ उरत नाही. बुद्धिमापनाच्या कसोट्यांचंही तेच. विद्यार्थ्यांना त्या हाताळायला द्याव्यात, पण विभागात, शिक्षकासमोर.

समुपदेशनाचं कौशल्य अर्धंच पडद्यावर शिकता येतं. तिघांचा गट करून एकाने समुपदेशक, एकाने आलेली व्यक्ती आणि एकाने निरीक्षक व्हायचं, हा सराव आम्ही व्हिडिओ कॉलवरही घेतला. समोरचा माणूस रडवेला होऊन गप्प झाला की समुपदेशकाने ती शांतता सांभाळायची असते. पडद्यावर आठ सेकंद शांतता झाली की विद्यार्थी विचारतो, "आवाज येतोय का?" आणि तो क्षण जातो. खोलीत समोरासमोर बसल्यावर श्वास दिसतो, हाताची चुळबुळ दिसते, गप्प राहणं जमायला लागतं.

आणि मग आत्महत्या, अत्याचार, नैराश्य हे घटक. त्यांचं रेकॉर्डिंग कुणी रात्री दोन वाजता, एकटं, कानात हेडफोन घालून पाहणार आहे, हे गृहीत धरूनच आम्ही ठरवतो. लक्षणांची यादी वाचताना विद्यार्थ्याला ती सगळी स्वतःत दिसू लागतात. कधी ती खरंच असतातही. म्हणून या घटकांच्या पानावर सगळ्यात वर, व्हिडिओच्याही आधी, मदत कुठे आणि कशी मिळेल हे लिहिलेलं असतं. चर्चेच्या जागेत कुणी स्वतःबद्दल काही लिहिलं, तर ती नोंद किती तासांत आणि कोण पाहणार, हे सत्र सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं.

आत्महत्येवरचा तास मात्र मी रेकॉर्ड करत नाही. वाचायचं साहित्य पानावर असतं, तास वर्गात होतो. ज्याला येणं शक्य नाही त्याच्याशी मी वेगळं बोलते. त्या दिवशी या तासानंतर मी दुसरा तास लावत नाही. मुलं बाहेर पडायला लागतात, खुर्च्या सरकतात, मी फळा हळूहळू पुसत राहते. बहुतेक वर्षी मागच्या बाकावर कुणीतरी वही बॅगेत भरायला जरा जास्तच वेळ लावत असतं.